चांदनी चौक : रस्त्याच्या मधोमध काय असावं?

चांदणी चौक म्हटलं की आपल्या सोसायटीतल्या कोणाच्याही डोळ्यांसमोर काय येतं? बावधनचा तो जुना पूल, २०२२च्या ऑक्टोबरमध्ये मध्यरात्री स्फोटकं लावून पाडलेला, आणि २०२३मध्ये खुले झालेले ते उड्डाणपूल आणि वळणं. कोणत्या वळणावरून मुळशीकडे जायचं आणि कुठून कोथरूडला उतरायचं, हे अजूनही पाहुण्यांना फोनवर नीट सांगता येत नाही. तिथं पायी चालणारा माणूस दिसलाच तर तो जीव मुठीत धरून पळताना दिसतो.

या नावाचा मूळ मालक दिल्लीत आहे. तो चांदनी चौक, ‘ण’ नसलेला. आणि गंमत अशी की तिथं सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारीला बंदी आहे. एकाच नावाचे दोन चौक, पण एकात माणसाला जागा नाही आणि दुसऱ्यात मोटारीला नाही! मागच्या वर्षी आपल्या तिन्ही विंगमधल्या काही मंडळींनी मिळून दिल्ली केली, तेव्हा एक पूर्ण दिवस आम्ही या रस्त्याला दिला. खरेदी झाली, खाणं झालं, पाय दुखले. पण घरी परतल्यावर त्या रस्त्याचा इतिहास वाचत बसलो आणि एक गोष्ट मनात ठाण मांडून बसली. गेल्या पावणेचारशे वर्षांत या रस्त्याच्या मधोमध काय काय येऊन गेलं, एवढंच पाहिलं तरी दिल्लीचा सगळा इतिहास समजतो. रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख द्यायचा म्हटल्यावर म्हणून हाच विषय घेतला. आपल्या सोसायटीशी त्याचा काय संबंध, ते शेवटी येईलच.

मधोमध पाणी

शाहजहान बादशहानं राजधानी आग्र्याहून दिल्लीला आणायचं ठरवलं. १६३९ साली लाल किल्ल्याचं काम सुरू झालं आणि १६४८ साली बादशहा तिथं राहायला आला. किल्ल्याभोवती वसलेलं शहर ते शाहजहानाबाद, म्हणजे आजची जुनी दिल्ली. किल्ल्याच्या लाहोरी दरवाज्यातून पश्चिमेकडे एक सरळ रस्ता काढला. त्याच्या दुसऱ्या टोकाला बादशहाची एक बेगम, फतेहपुरी बेगम, हिनं १६५० साली मशीद बांधली. या दोन टोकांच्या मधला जो बाजार, तो आखला जहाँआरानं. शाहजहान आणि मुमताजमहल यांची ही थोरली मुलगी. त्या वेळी तिचं वय छत्तीस.

जहाँआराबद्दल आपल्याला शाळेत फारसं कोणी सांगितलं नाही. आई गेल्यावर सतराव्या वर्षी तिच्यावर बादशाही जनानखान्याची जबाबदारी पडली. तिला स्वतःचं उत्पन्न होतं, आणि तेही थोडंथोडकं नव्हे. बादशहानं सुरत बंदराचा महसूल तिच्या नावे लावून दिला होता. हीच ती सुरत, जिच्यावर शिवाजी महाराजांनी १६६४ साली आणि पुन्हा १६७० साली छापा घातला. सुरतेच्या पैशाचं वजन केवढं होतं, हे त्यावरून समजावं.

तिनं आखलेला रस्ता सुमारे १५२० यार्ड लांब आणि ४० यार्ड रुंद होता. आजच्या हिशोबात लांबी चौदाशे मीटरच्या जवळपास. दोन्ही बाजूंना कमानींखाली दुकानं, आणि मधोमध वाहतं पाणी. यमुनेचं पाणी बऱ्याच वरच्या अंगाला वळवून कालव्यानं शहरात आणलं होतं. त्याचा एक प्रवाह या बाजाराच्या मधून किल्ल्याकडे जायचा, दोन्ही काठांना झाडांची सावली. रस्त्याच्या साधारण मध्यावर मोठा चौक होता आणि चौकात हौद. चांदण्या रात्री या हौदात चंद्राचं प्रतिबिंब पडायचं म्हणून चांदनी चौक, असं सांगतात. चांदीच्या व्यापारामुळे नाव पडलं, असंही काहींचं म्हणणं. सुरुवातीला चांदनी चौक हे नाव त्या मधल्या चौकाचंच होतं. बाकीच्या तुकड्यांना उर्दू बाजार, जौहरी बाजार, फतेहपुरी बाजार अशी वेगवेगळी नावं होती. पुढं एकाच नावानं सगळा रस्ता ओळखला जाऊ लागला. आपल्याकडे एखाद्या थिएटरच्या नावानं अख्खा परिसर ओळखला जातो, तसंच.

चौकाच्या उत्तरेला जहाँआरानं प्रवाशांसाठी भलीमोठी सराई आणि बाग करवून घेतली. बर्निए नावाच्या फ्रेंच वैद्यानं ती पाहून तिचं तोंड भरून कौतुक लिहून ठेवलं आहे. एका राजकन्येनं रस्ता आखला आणि त्याच्या मधली जागा पाण्याला, झाडांना आणि पायी हिंडणाऱ्यांना दिली, ही गोष्ट ध्यानात ठेवा.

मधोमध मिरवणूक, मधोमध रक्त

रस्ता असा देखणा असला की सत्तेला तो लगेच मिरवायला लागतो. १६५९ साली या रस्त्यावरून जहाँआराचा लाडका भाऊ दारा शुकोह याची धिंड निघाली. औरंगजेबानं त्याला पकडून, मळक्या कपड्यांत, एका कळाहीन हत्तीवर बसवून बाजारातून फिरवलं. तोच बर्निए तेव्हा गर्दीत होता आणि लोक हळहळून रडत होते असं त्यानं लिहिलं आहे. जहाँआरा मात्र आग्र्याला होती, कैदेतल्या बापाच्या सेवेला. शाहजहान १६६६ साली वारला तोवर ती तिथून हलली नाही. १६८१ साली ती गेली. निजामुद्दीन दर्ग्याच्या आवारात तिची कबर आहे. वर छत नाही, मधे फक्त माती आणि गवत, कारण तिची इच्छाच तशी होती. जिनं दिल्लीला सर्वांत श्रीमंत बाजार दिला, तिनं स्वतःसाठी एवढंच मागितलं.

नोव्हेंबर १६७५ मध्ये याच रस्त्यावर, कोतवालीजवळ, शिखांचे नववे गुरू तेगबहादूर यांचा शिरच्छेद झाला. काश्मिरी पंडितांच्या धर्मस्वातंत्र्यासाठी त्यांनी हे बलिदान दिलं, अशी शीख परंपरा आहे. त्यांच्या आधी भाई मतीदास, भाई सतीदास आणि भाई दयाला या त्यांच्या साथीदारांना मारण्यात आलं. जिथं गुरूंचं शीर पडलं तिथं आज गुरुद्वारा सीसगंज साहिब आहे. १७८३ साली सरदार बघेलसिंग फौज घेऊन दिल्लीत आले आणि त्यांनी गुरूंशी संबंधित जागा शोधून तिथं गुरुद्वारे उभे केले, त्यांतला हा एक. समोरच्या कारंज्याच्या चौकाला आता भाई मतीदास यांचं नाव आहे.

गुरुद्वाऱ्याला लागूनच सोनेरी घुमटांची एक छोटी मशीद आहे, सुनहरी मशीद. मार्च १७३९ मध्ये इराणचा नादिरशहा दिल्लीत होता. त्याच्या सैनिकांवर शहरात हल्ले झाले, तेव्हा तो या मशिदीत येऊन बसला आणि कत्तलीचा हुकूम दिला. एका दिवसात हजारो माणसं कापली गेली. जाताना तो मयूरासन आणि कोहिनूर घेऊन गेला. त्या चिमुकल्या मशिदीकडे पाहिलं तर एवढा मोठा संहार तिथून झाला असेल, यावर विश्वास बसत नाही. गुरुद्वारा आणि मशीद यांच्या भिंती आज शेजारी शेजारी आहेत, आणि दोन्हींच्या खाली दुकानं चालू आहेत.

आपली माणसं

आता आपण मराठी माणसं, तेव्हा ‘यात आपण कुठं?’ हा प्रश्न येणारच. नादिरशहाच्या बरोबर दोन वर्षं आधी, मार्च १७३७ मध्ये, थोरले बाजीराव दिल्लीच्या वेशीवर धडकले होते. मुघल सैन्याला तडाखा देऊन, शहरात न शिरता ते परत फिरले. १७५७ साली रघुनाथरावांनी दिल्ली घेतली. १७६० साली पानिपतला जाण्याआधी सदाशिवरावभाऊंनी ती पुन्हा घेतली. फौजेचा पगार द्यायला पैसा नव्हता, म्हणून लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून त्याची नाणी पाडली गेली. सुमारे नऊ लाख रुपये आले, असं सांगतात. दिल्लीच्या गाइडला आपण महाराष्ट्रातून आलो हे कळलं की तो हटकून हे सांगतो आणि मग आपल्या चेहऱ्याकडे बघतो. खरं आहे ते खरं आहे. इतरांनी केलेली लूट सांगायची आणि आपली झाकायची, असा इतिहास वाचण्यात अर्थ नाही.

पानिपतानंतर दहा वर्षांनी मराठे पुन्हा उभे राहिले, हेही तितकंच खरं. फेब्रुवारी १७७१ मध्ये महादजी शिंद्यांच्या फौजेनं दिल्ली घेतली आणि पुढच्या जानेवारीत परागंदा झालेल्या शाहआलम बादशहाला तख्तावर आणून बसवलं. १७८८ साली गुलाम कादिर नावाच्या रोहिल्यानं किल्ल्यात शिरून त्या म्हाताऱ्या बादशहाचे डोळे काढले. तेव्हा त्याला पकडून शासन केलं तेही महादजींनीच. सप्टेंबर १८०३ मध्ये यमुनेपलीकडे पटपडगंजला जनरल लेकनं शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि दिल्ली इंग्रजांकडे गेली. दिल्लीच्या तख्ताचा उल्लेख आपल्या राज्यगीतात आहे, तो ऐकताना हा सगळा कालखंड आठवावा.

आणि या सगळ्यातून चांदनी चौकात मराठ्यांचं उरलं काय? रस्त्याच्या सुरुवातीलाच, डाव्या हाताला, गौरीशंकराचं देऊळ आहे. अप्पा गंगाधर नावाच्या एका मराठा शिपाईगड्यानं ते बांधलं, असं तिथली परंपरा सांगते आणि १७६१ साल देते. लढाईत जखमी झाल्यावर ‘वाचलो तर देऊळ बांधीन’ असा नवस त्यानं शंकराला केला होता म्हणे. गाभाऱ्यासमोर आमच्यातल्या एका काकूंनी हात जोडले आणि पुजाऱ्यांना सांगितलं, ‘आमच्याकडच्याच माणसानं बांधलंय हो हे.’ पुजारी म्हणाले, ‘जी माताजी, सब बताते हैं।’ इतिहासात मोठमोठ्या सरदारांची नावं आहेत, पण दिल्लीच्या या बाजारात रोज दिवा लागतो तो एका शिपायाच्या नवसामुळे.

मधोमध फाशी, घड्याळ आणि ट्राम

सप्टेंबर १८५७ मध्ये इंग्रजांनी दिल्ली परत जिंकली आणि या रस्त्याची सर्वांत वाईट वर्षं सुरू झाली. बहादूरशहा जफर यांच्या मुलांना आणि नातवाला हॉडसननं गोळ्या घातल्या आणि त्यांची प्रेतं कोतवालीसमोर उघडी टाकली. त्याच ठिकाणी फाशीचे खांब उभे राहिले. जिथं पाणी वाहायचं, झाडाखाली माणसं गप्पा मारत बसायची, तिथं रोज फाशी दिली जात होती. रस्त्यापासून थोडं आत, बल्लीमारान भागातल्या गली कासिम जानमध्ये मिर्झा गालिब राहत होते. हे सगळं त्यांनी घरात बसून ऐकलं आणि सोसलं. त्यांच्या घराचा एक भाग आता स्मारक म्हणून जपला आहे, जरूर पाहा.

जहाँआराची सराई इंग्रजांनी पाडली आणि तिच्या जागी १८६०च्या दशकात टाउन हॉल बांधला. हौदाच्या जागी उंच घंटाघर आलं. म्हणजे चंद्र गेला आणि घड्याळ आलं! पुढं कालवाही बुजला. १९०८ साली दिल्लीत ट्राम सुरू झाली आणि तिचे रूळ याच रस्त्यावरून गेले. टाउन हॉलसमोर राणी व्हिक्टोरियाचा पुतळा बसला.

पण रस्ता कोणाच्या मिजाशीत राहिला नाही. २३ डिसेंबर १९१२ रोजी व्हाइसरॉय हार्डिंग हत्तीवरून इथं मिरवत असताना त्याच्यावर बाँब पडला. तो जखमी झाला, छत्र धरणारा माणूस मेला. या कटाचे सूत्रधार रासबिहारी बोस निसटले, आणि मास्टर अमीरचंद, अवधबिहारी, बालमुकुंद आणि बसंतकुमार विश्वास यांना १९१५ साली फाशी झाली. ३० मार्च १९१९ला रौलट कायद्याविरुद्ध हरताळ होता. शहरात गोळीबार झाला होता. घंटाघराजवळ स्वामी श्रद्धानंद गुरखा शिपायांच्या संगिनींसमोर छाती उघडी करून उभे राहिले. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच भगव्या वस्त्रातल्या संन्याशाला जामा मशिदीत बोलावून नेलं आणि तिथून त्यांनी हजारोंना उद्देशून भाषण केलं. आज टाउन हॉलसमोर राणीचा नव्हे, श्रद्धानंदांचा पुतळा आहे.

स्वातंत्र्य आलं, सोबत फाळणी आली. पंजाबातून उखडून आलेल्या कुटुंबांनी इथं फळकुटांवर, ओट्यांवर धंदे सुरू केले आणि बाजाराची भाषाच थोडी पंजाबी झाली. घंटाघर काही वर्षांत कोसळलं, १९६३ साली ट्राम बंद झाली. घड्याळाचा मनोरा नाही, पण लोक त्या जागेला अजून घंटाघरच म्हणतात. मग मधली जागा कोणी घेतली? मोटारी, रिक्षा, हातगाड्या, टेम्पो, आणि डोक्यावर विजेच्या तारांचं जाळं. ज्यांनी विसाव्या शतकाच्या शेवटी चांदनी चौक पाहिला असेल, त्यांना आठवेल ते धूर, हॉर्न आणि धक्केच.

पुन्हा पायी

२००५ साली जमिनीखालून मेट्रो आली. डिसेंबर २०१८ मध्ये रस्त्याच्या नूतनीकरणाला सुरुवात झाली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये तो नव्या रूपात खुला झाला. लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद हा सुमारे १.३ किलोमीटरचा पट्टा, लाल दगडाची फरसबंदी, बसायला दगडी बाक, तारा जमिनीखाली, आणि सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना मनाई. सायकलरिक्षा चालतात, रुग्णवाहिका आणि अग्निशमन गाड्यांना मुभा आहे. दुकानांचा माल रात्री उतरवायचा.

सगळं छान झालं, असं मी म्हणणार नाही. आम्ही चालत असताना दोन स्कूटर हॉर्न वाजवत मधून गेल्या. काही बाक तुटलेले होते. मालवाहतुकीच्या वेळेवरून दुकानदारांची कुरकुर होती. एका शालवाल्यानं सांगितलं, ‘साहब, गाडीवाला बडा ग्राहक कम हुआ, पर पैदल वाले बढ़ गए।’ त्याच्या सुरात तक्रार आणि समाधान अर्धं अर्धं होतं. नियम केला की काम संपत नाही, रोज सांभाळावा लागतो, एवढं मात्र दिसलं. पण आमच्यातले गुडघेदुखीचे दोन ज्येष्ठ मधल्या बाकांवर बसत बसत अख्खा रस्ता पार करू शकले. वीस वर्षांपूर्वी हे शक्य नव्हतं.

जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती देतो. मेट्रोनं लाल किला स्टेशनला उतरा आणि किल्ल्याकडे पाठ करून चालायला लागा. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात आणि सोमवारी किल्ला बंद, म्हणून मधला वार धरा. डाव्या हाताला आधी दिगंबर जैन लाल मंदिर लागतं. ते १६५६ सालचं, आणि त्याच्या आवारात चक्क पक्ष्यांचा दवाखाना आहे. मग गौरीशंकर मंदिर, बॅप्टिस्ट चर्च, पुढं सीसगंज साहिब. आत जाताना डोकं झाका आणि लंगरमध्ये जेवा. उजव्या हाताला भागीरथ पॅलेस, दिव्यांचा आणि विजेच्या सामानाचा बाजार. हा मूळचा बेगम समरूचा वाडा, तीही एक विलक्षण बाई. दरीबा कलांच्या कोपऱ्यावर जिलबीवाला आहे, १८८४ पासूनचा. जिलबी आपल्यापेक्षा जाड आणि तुपकट, एक पुरते. दरीब्यात चांदी आणि अत्तर, किनारी बाजारात लग्नाची जर-गोटा-तोरणं, नई सडकला पुस्तकं. थंडीत गेलात तर ‘दौलत की चाट’ चुकवू नका. नाव चाट असलं तरी तो दुधाचा गोड फेस आहे, तोंडात घातला की गायब. आणि फतेहपुरीच्या मागं खारी बावली, मसाल्यांचा बाजार. तिथं शिंका येणार, रुमाल हाताशी ठेवा.

कटरा, कूचा आणि आपली सोसायटी

चालता चालता पाट्यांवर काही शब्द सारखे दिसतात. कटरा, कूचा, गली, फाटक. कटरा म्हणजे मधे अंगण आणि चारी बाजूंनी एकाच धंद्याच्या माणसांची दुकानं-घरं, आत यायला एक दरवाजा. कूचा म्हणजे तशीच एखादी राहती गल्ली, बऱ्याचदा तिलाही फाटक. किनारी बाजाराच्या आत ‘नौघरा’ नावाची एक छोटीशी गल्ली आहे. नावाप्रमाणे नऊ घरं, रंगवलेले दरवाजे, दगडी कोरीव चौकटी, शेवटी जैन मंदिर, आणि गल्लीला एकच फाटक. बाहेरच्या गर्दीतून आत पाऊल टाकलं की आवाज एकदम बंद होतो. आमच्यातल्या माजी खजिनदारांनी घरं मोजली आणि म्हणाले, ‘नऊ सभासदांची सोसायटी आहे की ही! मेंटेनन्स किती असेल?’ हसलो सगळे. पण ते बरोबरच बोलले. एक फाटक, एक मधली जागा, आणि ती सगळ्यांची, हा हिशोब आपल्या उपविधींपेक्षा फार जुना आहे.

शाहजहानाबादेवर एवढी संकटं आली, पण बाजार उठला नाही. त्याचं एक कारण मला या कटऱ्यांत आणि कूच्यांत दिसतं. बादशहा, नादिरशहा, गोरे साहेब रस्त्याच्या मध्यभागासाठी भांडत राहिले, आणि आतल्या गल्ल्यांमधली माणसं मात्र फाटक लावून एकमेकांना धरून राहिली. सकाळी पुन्हा फाटक उघडायचं आणि दुकान मांडायचं.

आता आपल्याकडे वळतो. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथं राहायला आलो तेव्हा तिन्ही विंगच्या मधली जागा रिकामी होती. बहुतेकांकडे स्कूटर, मोटारी मोजक्या. त्या जागेत गणपती बसायचा, कोजागरीचं दूध तिथंच आटायचं, आणि कोजागरीला तिथंही चांदणं पडायचंच. मुलं संध्याकाळी तिथं क्रिकेट खेळून तळमजल्यावरच्यांच्या काचा फोडायची. त्या मुलांतली काही आता स्वतःच्या मोटारी त्याच जागेत लावतात. गेल्या काही वर्षांत मधल्या जागेचा निम्मा भाग गाड्यांनी व्यापला. आता नव्या पिढीची मुलं जिन्याखाली खेळतात आणि ज्येष्ठ मंडळी कुंपणाच्या भिंतीला लागून, गाड्यांच्या आरशांना चुकवत फेऱ्या मारतात. पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत उरलेल्या निम्म्या भागातही पार्किंगचे पट्टे आखण्याचा विषय येणार आहे, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

गाड्या ठेवायच्या कुठं, हा प्रश्न खोटा नाही. माझीही एक गाडी आहे आणि तीही रोज त्याच जागेत उभी असते. पण दिल्लीचा तो रस्ता पाहून आल्यावर वाटतं, मधली जागा एकदा गेली की ती परत मिळवायला फार वर्षं आणि फार पैसे लागतात. तिथल्या लोकांनी ती पूर्ण वेळ नाही मिळवली, बारा तासांपुरती मिळवली. तेवढ्यानंही फरक पडला. आपल्याला बारा तासही नकोत, तीन तास पुरे.

म्हणून स्मरणिकेच्या या पानावरच एक ठराव मांडून ठेवतो. मधल्या मोकळ्या जागेत नवे पार्किंगचे पट्टे आखू नयेत, आणि रोज संध्याकाळी पाच ते आठ या वेळेत तिथून एकही गाडी जाऊ-येऊ नये. रुग्णवाहिका आणि अग्निशमन दल अर्थातच सोडून. त्या तीन तासांत ती जागा मुलांची, आजी-आजोबांची आणि कोणाला नुसतंच खुर्ची टाकून बसायचं असेल तर त्याची.

सूचक मी आहे. अनुमोदक हवा आहे.